यंत्राचें माप आणि माणसाचें पाऊल

मोटारसायकलच्या पायाखालच्या दोन दांड्या हा नीतिविचाराचा विषय होऊं शकतो असें कोणी म्हटलें, तर कित्येक वाचकांस हसूं येईल. नीतिशास्त्र म्हटलें कीं सत्य, दान, कर्तव्य, त्याग अशा भारदस्त शब्दांची आपणांस संवय झालेली आहे. गिअरची दांडी किती उंच असावी आणि ब्रेक दाबतांना घोटा किती वांकावा, हे प्रश्न मिस्त्रीनें पाना हातांत घेऊन सोडवावे, प्राध्यापकांनीं त्यांत पडूं नये, असाच सर्वसाधारण समज आहे. परंतु वर्षांतून एकदां करावयाच्या थोर कृत्यांपेक्षां दिवसांतून शंभरदां करावयाच्या साध्या कृत्यांतच माणसाची वृत्ति अधिक खरेपणानें उमटत असते. या दृष्टीनें पाहूं लागलें म्हणजे असें दिसतें कीं, या क्षुल्लक दांड्यांच्या आड एक जुना प्रश्न उभा आहे. माणसानें वस्तूसारखें व्हावें, कीं वस्तूनें माणसासारखें? आणि वस्तूनेंच माणसासारखें व्हावयाचें, तर तें कोणत्या माणसासारखें?

आमच्या हिंगोली जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ पुस्तकी नाहीं. १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झालेला हा जिल्हा पांच तालुक्यांचा आहे. गांवें लहान आणि एकमेकांपासून दूर. औंढ्याच्या बाजूच्या शाळेवर जाणारा शिक्षक, सेनगांव तालुक्यांतील तलाठी, पहांटे निघणारा दूधवाला, हळदीचा भाव पाहण्यास मोंढ्यांत येणारा वसमतचा शेतकरी, या सर्वांचा दिवस मोटारसायकलवर सुरू होतो आणि बहुधा तिच्यावरच मावळतो. या प्रवासांत हात काय करतात हें सर्वांस दिसतें. पाय काय करतात इकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. डावा पाय गिअर बदलीत असतो, उजवा पाय ब्रेकवर पहारा देत असतो. गांव आलें कीं गतिरोधक येतो, गतिरोधक आला कीं गिअर उतरवावा लागतो आणि पुन्हां चढवावा लागतो. घरापासून कचेरीपर्यंत हें किती वेळां घडतें याचा हिशेब पायालाच ठाऊक. आणि संध्याकाळीं तो आपला हिशेब घोट्याच्या व गुडघ्याच्या भाषेंत सादर करतो.

शिवाय हा पाय बारमहा एकच नसतो. उन्हाळ्यांत तो चपलेंत असतो, थंडींत जोड्यांत असतो, आणि पावसाळ्यांत शेतांतून बाहेर पडल्यावर काळ्या मातीचा चिखल तळाला लागून तो दुप्पट जाड झालेला असतो. ज्या गाडीच्या गिअरला पुढेंच एक बोंड असतें, तेथें गिअर चढविण्यासाठीं पायाचीं बोटें दांडीखालीं घालून ती वर उचलावी लागते. चिखलाचा बूट त्या फटींत शिरत नाहीं; उघड्या चपलेंतल्या आंगठ्याची कातडी सोलवटते. मग जुन्या ट्यूबची पट्टी कापून ती त्या बोंडाला गुंडाळलेली दिसते. हा फेरफार कोणत्याहि कारखान्यानें शिकविलेला नाहीं. तो पायानें शिकविलेला आहे. याहून चांगला उपाय म्हणजे पुढें-मागें दोन हात असलेली दांडी. तींत पुढचें टोंक चवड्यानें दाबावयाचें आणि मागचें टांचेनें; उचलावयाचें कांहींच नाहीं. १९५८ सालीं जपानांत होंडा कंपनीनें ‘सुपर कब’ नांवाची छोटी गाडी काढली, तिला अशीच झोपाळ्यासारखी दांडी होती. ती गाडी शर्यतवाल्यांसाठीं नव्हती, साध्या गिऱ्हाइकासाठीं होती. एका हातांत जेवणाचें ताट सांभाळून दुसऱ्या हातानें चालवितां यावी, अशीहि तिच्याकडून अपेक्षा होती. आपल्याकडील नित्याच्या वापराच्या गाड्यांत ही दांडी रुळली, याचें कारण आपला पाय आणि त्यांतील पायताण लक्षांत घेतलें म्हणजे सहज समजतें.

आतां कोणी म्हणेल कीं, कारखानदार शहाणे आहेत. त्यांनीं विचार करूनच सर्व मापें ठरविलीं असतील. विचार त्यांनीं केलेलाच असतो, परंतु कोणाचा? लाखों गाड्या एका सांच्यांतून काढावयाच्या म्हटल्यावर एका कल्पित माणसाचें माप धरल्याशिवाय गत्यंतर नसतें. या कल्पित माणसास शास्त्रांत प्रतिष्ठा मिळवून दिली ती बेल्जममधील गणिती केतले यानें. १८३५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें ‘सरासरी माणूस’ ही कल्पना मांडली आणि ती पुढें इतकी बळावली कीं, खरा माणूसच त्या सरासरीची बिघडलेली प्रत आहे असें लोकांस वाटूं लागलें. तिचा फुगा फुटला तो विमानांत. १९५० च्या सुमारास अमेरिकन हवाईदलानें ४,०६३ वैमानिकांचीं शरीरमापें घेतलीं. डॅनियल्स नांवाच्या एका तरुण अभ्यासकानें त्यांतून उंची, छाती, हाताची लांबी अशीं दहा मुख्य मापें निवडलीं आणि दहाही मापांत सरासरीच्या आसपास बसणारे वैमानिक किती, याचा शोध घेतला. उत्तर आलें शून्य. चार हजारांत एकहि माणूस सर्व बाजूंनीं सरासरीचा नव्हता! म्हणजे ज्याच्यासाठीं विमानांतील बैठक तयार केली होती तो मनुष्य जन्मासच आलेला नव्हता. याचा परिणाम असा झाला कीं, पुढें बैठका आणि पायाखालचीं पेडलें मागें-पुढें सरकवितां येतील अशीं करण्यांत आलीं. वैमानिकाला कापून बैठकींत बसविण्यापेक्षां हें निःसंशय स्वस्त पडलें असेल. ग्रीक कथेंतील प्रोक्रस्टीस नांवाचा दरोडेखोर पाहुण्यांस आपल्या खाटेवर निजवी आणि खाटेच्या मापानें त्यांचे पाय ताणी अथवा छाटी. आपण त्याला राक्षस म्हणतों. त्याच्या खाटेवर मात्र रोज मुकाट्यानें निजतों.

हें मुकाट्यानें निजणें आपल्या अंगीं इतकें मुरलें आहे कीं, त्याला आपण सद्गुणाचें नांव दिलें आहे. आपल्याकडे लोक गाडी चालवितात आणि गैरसोय चालवून घेतात. घोटा दुखतो असें सांगितलें तर ‘संवय होईल’ हें उत्तर ठरलेलें असतें. सहनशीलतेविषयीं आम्हांस नितांत आदर आहे. तितिक्षेवांचून कोणतेंहि मोठें कार्य झालेलें नाहीं. परंतु जें दुःख टाळतां येत नाहीं किंवा टाळल्यास दुसऱ्याच्या माथीं जातें, तें सोसणें ही तितिक्षा. जें एका पान्यानें आणि पावघटकेच्या श्रमानें दूर होण्यासारखें आहे, तें वर्षानुवर्षें सोसणें हा निव्वळ आळस होय. त्याहून वाईट गोष्ट ही कीं, असा आळस स्वतःपुरता राहत नाहीं. जो स्वतःची गैरसोय मानीत नाहीं तो दुसऱ्याचीहि मानीनासा होतो. आखूड बाकांवर पाय दुमडून शिकलेला मनुष्य शिक्षक झाल्यावर त्याच बाकांवर मुलांस बसवितो आणि आपण त्यांस कणखर करीत आहों असें समजतो.

आपल्या परंपरेची शिकवण मात्र अशी नाहीं. देहदंडाची थोरवी गाणाऱ्या या देशांतच पतंजलीनें आसनाचें लक्षण सांगतांना स्थैर्य आणि सुख हीं दोन्हीं एकत्र बांधलीं. ज्याचें शरीर तक्रार करीत आहे त्याचें चित्त स्थिर राहूं शकत नाहीं, हें त्या योग्यास पक्कें ठाऊक होतें. म्हणजे तेथें सुख हें साध्य नसून अवधानाचें साधन आहे. मोटारसायकलच्या बाबतींत ही गोष्ट अक्षरशः खरी ठरते. ब्रेकचें पेडल फूटरेस्टच्या मानानें फार उंच असेल तर चालविणाऱ्यास घोटा सतत उचलून धरावा लागतो. तो दमला कीं पाऊल नकळत पेडलवरच विसावतें. मग ब्रेकचे शू ड्रमला घासत राहतात, ड्रम तापतो, अस्तर झिजतें, पेट्रोल वायां जातें. आणि मागचा तांबडा दिवा अखंड जळत राहतो. मागून येणारा त्या दिव्याकडे पाहून सावध होतो, पुढची गाडी थांबत नाहीं हें पाहून दुर्लक्ष करूं लागतो, आणि ज्या क्षणीं ती खरोखरच थांबते त्या क्षणीं तो बेसावध असतो. उलट पेडल फार खालीं असेल तर संकटाच्या वेळीं पाय शोधीत जातो आणि तेवढ्यांत बैल आडवा येऊन गेलेला असतो. एका घोट्याच्या गैरसोयीनें अशा रीतीनें रस्त्यावर असत्य उत्पन्न होतें. तें कोणी बोललेलें नाहीं, तरी त्याचें फळ दुसऱ्यास भोगावें लागतें. म्हणून आमचें म्हणणें असें कीं, वाहनावरील सोय ही चैन नव्हे. ती रस्त्यावरच्या इतर लोकांचें आपल्यावर असलेलें देणें आहे.

सुदैवानें हें देणें फेडण्याची व्यवस्था यंत्रांतच केलेली असते. गिअरची दांडी ज्या दंडावर बसते त्यावर बारीक दांते असतात. एक बोल्ट सैल करून दांडी काढावी, एक दांता वर किंवा खालीं फिरवून पुन्हां बसवावी, बोल्ट घट्ट आवळावा. एवढ्यानें चवड्याचें दुखणें पुष्कळदां संपतें. दोन हातांच्या दांडींत मात्र पुढचें टोंक उचललें कीं मागचें खालीं जातें, हें ध्यानांत ठेविलें पाहिजे. चवड्याची सोय टांचेच्या खर्चानें होऊं नये. ड्रमच्या ब्रेकला मागील सळईच्या टोंकाशीं नट असतो; तो फिरविला कीं पेडलची मोकळी चाल कमी-जास्त होते. ही चाल साधारण २० ते ३० मिलिमीटर ठेवतात. गाडीगणिक तींत फरक असतो आणि तो गाडीबरोबरच्या पुस्तिकेंत दिलेला असतो. साखळी ताणण्यासाठीं मागील चाक सरकविलें कीं ही सळईहि ताणली जाते, म्हणून साखळीनंतर ब्रेक पुन्हां पाहावा लागतो. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी. पर्यंतच्या नव्या दुचाकींस एकत्रित ब्रेक किंवा चाक अडकूं न देणारी यंत्रणा सक्तीची झाल्यानें, पुष्कळ लहान गाड्यांत पायाच्या पेडलनें आतां पुढचें चाकहि आवळलें जातें. तेथें घरच्या घरीं हात न घालतां जाणत्या मिस्त्रीकडे जाणेंच बरें. दांत्यांची आणि नटांची ही योजना म्हणजे कारखानदारानें दिलेली एक प्रामाणिक कबुलीच आहे. तो जणूं सांगतो, ‘तुमचें पाऊल मीं पाहिलेलें नाहीं; उरलेलें काम तुमचें.’ औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरींच्या वेधशाळेस केंद्र सरकारनें २०२३ सालीं मंजुरी दिली. तेथें अणुकेंद्राहूनहि सूक्ष्म अशा अंतराचा फरक टिपला जावयाचा आहे. त्याच जिल्ह्यांत फूटरेस्ट आणि ब्रेक यांमधील बोटभर अंतर मात्र गाडी घेतल्यापासून कोणी मोजलेलें नसतें.

येथवर वाचून एखादा तरुण वाचक आनंदित होईल आणि म्हणेल, ‘तर मग गाडी हवी तशी बदलावी!’ येथेंच विचाराचा दुसरा भाग सुरू होतो. तीच दांडी, तोच पाना; परंतु हेतु वेगळा असला म्हणजे कर्म वेगळें होतें. शर्यतीच्या मैदानावर फूटरेस्ट मागें व उंच नेतात, कारण तेथें गाडी वळणावर जमिनीशीं झुकते आणि स्वार टाकीवर ओणवा होतो. तींच फूटरेस्टें हिंगोलीच्या बाजारांतून घरीं जाण्यासाठीं बसविलीं, तर गुडघे दुमडतात, अंगाचा भार मनगटांवर येतो आणि पाठ आपल्या धन्यास शिव्या देते. हा फेरफार पायानें मागितलेला नसतो. तो आरशानें मागितलेला असतो. आपल्या सुखासाठीं यंत्र बदलणाऱ्यास एक गुप्त अंकुश असतो, कारण दुखणें थांबलें कीं त्याचें काम संपतें. दुसऱ्याच्या नजरेसाठीं बदलणाऱ्याचें काम कधींच संपत नाहीं, कारण दुसऱ्याची नजर रोज नवें मागते.

याहूनहि गंभीर प्रकार म्हणजे आपल्या सोयीसाठीं किंवा शोभेसाठीं दुसऱ्याची सोय काढून टाकणें. नव्या गाडीवर कित्येकांचा पहिला हात पडतो तो साडीगार्डावर. तें ‘बावळट’ दिसतें! तें गार्ड कोणाच्या तरी लहरीनें लावलेलें नाहीं. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ व्या नियमानें मागें बसणाऱ्यासाठीं धरण्याची मूठ, फूटरेस्ट आणि मागील चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें संरक्षण, हीं तीनही आवश्यक ठरविलीं आहेत. आणि कारणहि स्पष्ट दिलें आहे, तें हें कीं बसणाऱ्याचे कपडे चाकांत अडकूं नयेत. एका बाजूस पाय सोडून, मांडीवर मूल घेऊन बसलेल्या स्त्रीचा सारा तोल त्या एका पायटेकणीवर असतो. गाडी विकत घेतांना तिचें मत बहुधा विचारलेलें नसतें. गाडी बदलतांना तर नाहींच नाहीं. ज्याला मत विचारलेलें नाहीं त्याच्या वांट्याच्या वस्तूस हात लावूं नये, एवढा नियम जरी पाळला तरी घराघरांतील पुष्कळ अन्याय टळतील. आणि ते सर्वच मोटारसायकलवर होत असतात असेंहि नाहीं.

आणखी एक मर्यादा आहे आणि ती संकेताची. डाव्या पायाला गिअर, उजव्या पायाला ब्रेक, ही आजची व्यवस्था कांहीं निसर्गानें घालून दिलेली नाहीं. १९५५ पासून मद्रासेस बनूं लागलेल्या बुलेटला पुष्कळ वर्षें गिअर उजव्या पायाशीं आणि ब्रेक डाव्या पायाशीं होता. शिवाय टांचेनें दाबून गाडी एकदम न्यूट्रलमध्यें आणणारी एक निराळी दांडीहि होती. म्हैसूरच्या जावा गाडीची तऱ्हा त्याहून वेगळी. तिची किक मारण्याची दांडीच पुढें वळविली कीं गिअरची दांडी होई. ज्याची त्याची गाडी, ज्याचा त्याचा पाय, असा तो काळ होता. पुढें गाड्या वाढल्या, हातोहात फिरूं लागल्या, आणि एका गाडीवर शिकलेला पाय दुसऱ्या गाडीवर संकटाच्या क्षणीं चुकीच्या बाजूस जाऊं लागला. अमेरिकेनें १९७४ पासून विकल्या जाणाऱ्या गाड्यांना डावीकडे गिअर व उजवीकडे ब्रेक हें बंधन घातलें, आणि कालांतरानें जगभर तीच रीत रूढ झाली. बाजू हा भाषेसारखा संकेत आहे. शब्द मुळांत कोणताहि चालला असता, परंतु एकदां ठरल्यावर एकट्यानें तो उलटविण्यांत स्वातंत्र्य नाहीं, गोंधळ आहे. उंची ज्याची त्यानें ठरवावी. बाजू सर्वांची आहे. कायद्याचा रोखहि साधारण असाच दिसतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम नोंदणीपत्रांतील तपशीलाशीं विसंगत होईल असा फेरफार करण्यास मनाई करतें. एका दांत्याच्या जुळवणीशीं त्याचें भांडण नाहीं. गॅसच्या ज्योतीवर लाल करून वांकविलेल्या पेडलचें मात्र कोणीच समर्थन करूं नये. तापविलेल्या लोखंडाची ताकद पूर्वींइतकी राहील अशी हमी वांकविणाराहि देत नाहीं.

आतां उरला तो सर्वांत कठीण प्रश्न. आपल्याकडे गाडी एका माणसाची नसते, घराची असते. सकाळीं ती मुलगा नेतो, दुपारीं वडील, आणि लग्नसराईंत जांवई. मग दांडी कोणाच्या पावलाप्रमाणें? रूढ उत्तर असें कीं, जो मिळवितो किंवा जो हट्ट करतो त्याच्या. आमच्या मतें तें ज्याला बदलण्याची सर्वांत कमी शक्ति आहे त्याच्याप्रमाणें असावें. कारण तरुण घोटा दोन दिवसांत नवी उंची शिकतो, वृद्ध घोटा शिकत नाहीं. आमच्या परिचयाच्या एका निवृत्त शिक्षकांचा घोटा जुन्या दुखापतीनें ताठ झाला होता. घरांतील गाडीचा गिअर बोटांनीं उचलून चढवावा लागे, म्हणून त्यांनीं गाडी सोडली. आणि गाडी सुटल्याबरोबर नर्सीस नामदेवांच्या दर्शनाला जाणें, बाजार, मित्रांकडील बैठक, सर्वच परस्वाधीन झालें. घरच्यांनीं त्यांची चांगली सेवा केली, परंतु टांचेची दांडी बसवावी हें कोणाच्या मनांत आलें नाहीं. ‘आतां वय झालें’ असें सर्वांनीं प्रेमानें ठरवून टाकलें होतें. शेवटीं एका मिस्त्रीनें दोन हातांची दांडी बसविली आणि ते गृहस्थ पुन्हां आपले आपण जाऊं-येऊं लागले. वय झालें होतें हें खरें; परंतु अडलें होतें तें वयाशीं नव्हे, एका फुटभर लोखंडाशीं.

दोष माणसांत शोधावा कीं वस्तूंत, याविषयीं कायद्याच्या भाषेंतहि एक बोधप्रद बदल झालेला आहे. १९८८ च्या कायद्यांत अपंग व्यक्तीसाठीं केलेल्या गाडीला ‘इन्व्हॅलिड कॅरेज’ म्हटलें होतें. २०१९ च्या दुरुस्तीनें तो शब्द जाऊन ‘अडॅप्टेड व्हेइकल’ हा आला. पूर्वींचें नांव माणसाच्या उणिवेवरून पडलें होतें, नवें नांव गाडीच्या जुळवणीवरून पडलें. जयपूर येथें १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा नांवाचे कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनीं कृत्रिम पाय तयार केला, तोहि याच न्यायानें. परदेशी पायाला बूट लागे आणि तो लावून उकिडवें बसतां येत नसे, शेतांतील चिखलांत अनवाणी जातां येत नसे. बूट घालावयास आणि खुर्चीवर बसावयास शिका, असें त्या दोघांनीं शेतकऱ्यास सांगितलें नाहीं. शेतकरी कसा बसतो व कसा चालतो हें पाहून त्यांनीं पाय घडविला. एक कारागीर आणि एक शल्यवैद्य यांनीं मिळून जें केलें तें करुणेचें काम होतें खरें, परंतु त्याची सुरुवात नीट पाहण्यापासून झाली.

असें पाहणें ही कांहीं थोरामोठ्यांचीच मिरासदारी नाहीं. आपल्या घरांतील गाडी एकदां मधल्या स्टँडवर उभी करावी. घरांतील प्रत्येकास आपापल्या नित्याच्या पायताणांसह तिच्यावर बसवावें, आणि पाय कोठें पोंचतो, घोटा कोठें अडतो, मागें बसणारीचें पाऊल कशावर टेकतें, हें खालीं वांकून पाहावें. कोणाच्या पायाला काय होतें हें विचारलें तर पहिलें उत्तर बहुधा ‘कांहीं नाहीं’ असें येईल. विशेषतः ज्यांना सर्वांत जास्त होतें त्यांच्याकडून. त्या उत्तरावर थांबूं नये.